जॉइंट बचत खातं: नोकरी करणाऱ्या नवरा-बायकोंसाठी तीन वर्षांचा अनुभव

पाचपैकी साडेतीन तारे. खात्याला चार दिले असते, शाखेतल्या अनुभवामुळे अर्धा कमी केला. बँक राष्ट्रीयीकृत आहे, नाव लिहीत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नवरा अंबडच्या एमआयडीसीत सुपरवायझर. राहायला नाशिकला इंदिरानगरमध्ये. खातं उघडलं तेव्हा माझ्या हातात ६१,५०० यायचे, त्यांच्या ५२,०००. म्हणजे घरात येणाऱ्या शंभरातले चोपन्न रुपये माझे. हे गणित मी लग्नानंतर अकरा वर्षांनी पहिल्यांदा मांडलं. तोवर फ्लॅटचा हप्ता त्यांच्या पगारातून आणि किराणा, दूध, वीजबिल, मुलीची फी, सासूबाईंची बीपीची औषधं, लग्नकार्यांतले आहेर हे सगळं माझ्या पगारातून, असं चालत आलं होतं. कोणी ठरवलं नव्हतं. २०१३ ला फ्लॅट घेतला तेव्हा कर्ज त्यांच्या एकट्याच्या नावावर निघालं, हप्ता त्यांच्या पगारखात्यातून कापला जाऊ लागला आणि उरलेलं माझ्याकडे आलं.

२०२२ मध्ये धाकट्या बहिणीच्या कर्जाला जामीन राहायचं होतं. फॉर्मात जामीनदाराच्या मालमत्तेचा रकाना होता. एनपीएसची (पेन्शन योजनेची) शिल्लक लिहिली, थोडं सोनं लिहिलं, आणि पेन थांबलं. नऊ वर्षं दोघांनी मिळून घर चालवलं; त्यांचे पैसे भिंतींत गेले, माझे ताटात. जेवण झालं की त्याची नोंद कुठे राहते?

त्या रात्री विषय काढला. ते म्हणाले, "अगं, घर आपलंच आहे ना?" मी म्हटलं, "अहो, आपलंच आहे, पण इंडेक्स टूवर, म्हणजे घराच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, नाव तुमचं एकट्याचं आहे." ते बराच वेळ गप्प बसले. चिडले नाहीत, हे मुद्दाम लिहिते. दुसऱ्या दिवशी डबा भरताना तेच म्हणाले, "खातं एकत्र करू या."

शाखेत गेलो तर टेबलावरच्या बाईंनी फॉर्म पुढे ओढून पहिल्या खातेदाराच्या जागी सरळ यांचं नाव लिहायला घेतलं. मी म्हटलं, पहिलं नाव माझं घाला. "साहेबांचं असलं की सोयीचं पडतं," असं उत्तर आलं. सोय कसली ते सांगता आलं नाही. पहिल्या नावाचा फरक मात्र पडतो: व्याज साधारणपणे त्याच पॅनवर दिसतं. विवरणपत्र भरताना ते लक्षात ठेवा. व्यवहाराची पद्धत आम्ही 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' निवडली, म्हणजे दोघांपैकी कुणाच्याही एका सहीने पैसे काढता येतात आणि एकाचं बरंवाईट झालं तर दुसऱ्याचं अडत नाही. दोघांच्याही सह्या लागतील अशी सोय असते, पण रोजच्या खर्चाच्या खात्याला ती जाचक होईल.

खरा मनस्ताप मोबाइल नंबरचा. माझाच नंबर जोडला गेला, त्यांचा राहून गेला. त्यांना ना मेसेज येईना, ना यूपीआय चालू होईना. तीन फेऱ्या झाल्या, माझ्या दोन किरकोळ रजा त्यात गेल्या. खातं उघडतानाच दोन्ही नंबर जोडून घ्या, दोन कार्डं मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

आता पद्धत अशी. दोघंही पगाराच्या साठ टक्के या खात्यात टाकतो: मी ३६,९००, ते ३१,२००. समान रक्कम नाही, समान प्रमाण. ज्याचा पगार कमी त्याची ओढाताण होत नाही, आणि उरलेले चाळीस टक्के ज्याचे त्याच्या खात्यात राहतात. त्यातून मी माझ्या नावाने आरडी सुरू केली. आईला पैसे पाठवताना आता कुणाला सांगावं लागत नाही. फ्लॅटचा हप्ताही याच खात्यातून जातो. पासबुक छापून आणलं की हप्त्याच्या ओळीवर माझी नजर थांबते. चौदा महिन्यांपूर्वी सासूबाईंनी पासबुक पाहून विचारलं, "म्हणजे तुझा पगार याच्यापेक्षा जास्त आहे?" मी हो म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या आठवड्यात मावससासूंना फोनवर हेच सांगत होत्या, आणि आवाजात कौतुक होतं.

खात्याला पूर्ण गुण का नाहीत, तर दोन गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. माझी सकाळ साडेचारला सुरू होते. पासबुकात त्याला रकाना नाही. डब्याच्या पोळ्या आता ते लाटतात, पण ते खात्यामुळे नाही, रोज भांडल्यामुळे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. हप्ता जॉइंट खात्यातून गेला म्हणून घराच्या कागदावर नाव चढत नाही. कित्येक मैत्रिणी इथेच फसल्यात. त्यासाठी वेगळा दस्त करावा लागतो. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. बाकीचे आकार दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. आणि नवीन घर घेणार असाल तर आधीच विचार करा: २०२१ पासून खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, नवऱ्याचं नाव सोबत घातलं की ती मिळत नाही.

आम्ही अर्ध्या हिश्श्याच्या बक्षीसपत्राचा मसुदा वकिलाकडून करून घेतलाय. कर्ज चालू असल्यामुळे कर्ज देणाऱ्या बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. अर्ज ऑगस्टमध्ये दिला, त्यावर यांची सही आहे. पत्र अजून आलेलं नाही. आलं की इथेच लिहीन.