पाणी कुणी दिलंय? तयार सुरी आणि घडवून घेतलेली सुरी

भाच्याचा पहिला पगार झाला आणि त्याचा फोन आला. "मामा, बाहेर हिंडताना बरोबर ठेवायला एक चांगली सुरी घ्यायचीय. तयार मागवू की कुणाकडून बनवून घेऊ?" बजेट दहा हजार. मी विचारलं, "तिने कापणार काय?" पलीकडे शांतता.

त्याचा दोष नाही. व्हिडिओत कुणीतरी बर्फात बसून सुरीने ओंडका फोडत असतो आणि आपण सोलापुरात, बेचाळीस डिग्रीत, पंख्याखाली बसून ते बघतो. आपलं हिंडणं म्हणजे जानेवारीतला हुरडा, मोहोळकडचं शेत, उजनीच्या काठावर एखादी रात्र आणि वर्षातून एकदा-दोनदा सह्याद्री. नळदुर्ग बघायला सुरी लागत नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाताना तर ती घरीच ठेवायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'हत्यार' या शब्दात चाकूही येतो आणि परवानगीशिवाय तो अभयारण्यात नेता येत नाही. नान्नजला माळढोक दिसेलच असं नाही, वनरक्षक मात्र नक्की दिसेल.

मग राहिली कामं कोणती? दावं कापणं, सुतळी, ठिबकची नळी, ऊस सोलणं, पिठल्यासाठी कांदा-मिरची आणि चूल पेटवायला बाभळीच्या काटकीच्या बारीक ढलप्या काढणं. कडक भाकरी सुरीने कापायची नसते, हाताने मोडायची असते. या यादीतल्या एकाही कामाला पाच मिलिमीटर जाडीचं पातं लागत नाही. हे मला कळायला एक महागडी सुरी आणि सात महिने लागले.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे तीन सुऱ्या जमल्या. पहिली मोरा कंपॅनियन. स्वीडनमधल्या मोरा गावात हा धंदा १८९१ पासून चालत आलाय. पातं १०४ मिमी लांब, अडीच मिमी जाड, मूठ रबरासारखी, म्यान प्लॅस्टिकचं. दिसायला अगदीच साधी, पाहुण्यांना दाखवण्यासारखं तिच्यात काही नाही. दुसरी एका कारागिराकडून फर्माईश करून घडवून घेतलेली. तिसरी तालुक्याच्या गावातल्या लोहारमामांनी ट्रकच्या कमानपाट्यापासून करून दिलेली. पहिलीला अडीच हजारांच्या आतबाहेर गेले, दुसरीला नऊ हजार, तिसरीला पाचशे आणि दोन चहा.

या तिन्हींत खरा फरक पाण्याचा आहे. आपल्याकडे पात्याला 'पाणी देणं' म्हणतात ते हेच. पोलाद लाल तापवून एकदम थंड केलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास तास-दोन तास तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवायचा. हे नीट जमलं तर बाहेरच्या कामाचं पातं रॉकवेल या कडकपणाच्या मापाने साधारण ५६ ते ६० मध्ये बसतं. कमी पडलं तर धार वळते, जास्त झालं तर कपची उडते. आणि गंमत अशी की बघायला तिन्ही पाती सारखीच चकाकतात.

कारखान्यात हे काम भट्टीतलं यंत्र करतं. तापमान ठरलेलं, वेळ ठरलेली, हजारावं पातं पहिल्यासारखंच. मोराच्या अडीच हजारांत आपण हे न दिसणारं काम विकत घेतो. दिसणाऱ्या कामावर तिथे फारसा खर्च नसतो, मूठ सगळ्यांना एकच. घडवून घेताना उलटं होतं. मूठ, तोल, म्यान, पात्याची रेष हे सगळं आपल्या हाताबरहुकूम मिळतं, पाण्याच्या बाबतीत मात्र त्या माणसावर विश्वास ठेवावा लागतो. विश्वास ठेवण्याजोगे कारागीर आहेत, चांगले आहेत, पण फोटो बघून ते ओळखता येत नाहीत. फोटोत मूठ दिसते.

लोहारमामांचं पाणी मी डोळ्यांनी पाहिलंय. भर दुपारी त्यांनी पत्र्याच्या शेडला गोणपाटाचा पडदा लावला, कारण उन्हात लोखंडाचा खरा रंग कळत नाही. पातं लालबुंद झाल्यावर सांडशीत धरून त्यांनी नुसती धारेची बाजू पाण्यात बुडवली, पाठ वरच ठेवली. लगेच बाहेर काढून त्यावर कानस फिरवली आणि एक पट्टा उजळ केला. मग बघत बसले. पाठीतली उरलेली उष्णता धारेकडे सरकत होती आणि तिच्या पुढे पुढे उजळ पट्ट्यावर रंग धावत होते, आधी फिकट पिवळा, मागून तपकिरी, त्याच्याही मागून जांभळा. वाळल्या गवताचा पिवळा धारेला टेकला तसं त्यांनी सगळं पातं चर्रकन पाण्यात सोडलं. मी विचारलं, "मामा, तेलात का नाही?" ते म्हणाले, "तेलाला पैसे पडतात, मालक. पाणी हापशाचं."

उत्तर झकास, पण कमानपाट्याचं पोलाद साध्या पाण्यात तडकायची भीती असते, म्हणून जाणकार ते तेलातच थंड करतात. दुसरी अडचण पाट्याची. ट्रकखाली वर्षानुवर्षं खड्डे खाल्लेल्या पाट्यात बारीक भेगा असू शकतात आणि त्या ऐरणीवर दिसत नाहीत. मामांची सुरी अजून धडधाकट आहे. उसावर आणि बाभळीवर तीच चालवतो. पण त्यांनीच केलेली शेजाऱ्याची सुरी दुसऱ्याच आठवड्यात टोकाशी चिरली. एकच हात, एकच भट्टी, नशीब दोन.

आता माझी नऊ हजारांची कथा. कारागीर कोकणपट्टीतला. दोन महिन्यांत देतो म्हणाला, सातव्या महिन्यात कुरिअर आलं. अर्धे पैसे आधीच दिलेले, त्यामुळे फोन करून नरमाईनेच बोलावं लागायचं. खोका उघडला तेव्हा सगळा राग गेला, इतकी देखणी होती. शिसवी मूठ, पितळी रिव्हिटा, पाच मिमी जाड पातं. जाडीचा आग्रह माझा होता, त्याने 'तीन पुरे' असं सुचवलंही होतं. संध्याकाळी कांदा चिरायला घेतला. कांदा चिरला जात नव्हता, पाचरीने फोडल्यासारखा फुटत होता. बायकोने बघितलं आणि काही न बोलता विळी पुढे सरकवली.

मग मे आला. मूठ बसवली होती कोकणातल्या पावसाळ्यात, दमट हवेत फुगलेल्या लाकडाची. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते लाकूड आक्रसलं आणि मुठीच्या कडेने पोलाद वर आलं. नखाला अडकेल एवढीशीच कड, पण तासभर ढलप्या काढल्या की तळहातावर लाल रेघ उमटते. पॉलिश पेपरने घासून सारखी केली, पुढच्या पावसाळ्यात लाकूड पुन्हा किंचित फुगलं. तेव्हा सोलापुरासाठी घडवून घेणार असाल तर कारागिराला गावाचं नाव सांगा, आणि लाकूडच हवं असेल तर चांगलं वाळवलेलं किंवा राळ मुरवलेलं मागा. नाहीतर सरळ मायकार्टा घ्या. कापडाचे थर राळेत दाबून केलेली ती फळी असते, ती ना फुगते ना आक्रसते.

मायकार्टावरून आठवलं. माझा एक मित्र डावखुरा आहे, यंत्रमागाच्या कारखान्यात जन्म गेला, बोटं जाडजूड. तयार सुरीचं म्यान त्याला कायम उलट्या बाजूला पडायचं आणि मुठीत करंगळीला जागाच नसायची. त्याने कारागिराला हाताचा ठसा कागदावर काढून पाठवला आणि बरोबर घरची विरलेली सोलापुरी चादर. तिच्याच घड्या राळेत बसवून मूठ झाली. घासल्यावर चादरीची लाल-काळी नक्षी लाकडाच्या रेषांसारखी वर आली. कुठल्याही कारखान्याला हे जमणार नाही. पातं तीन मिमी, म्यान उजव्या नव्हे, डाव्या हाताचं. "काय बे, सुरी दाखवायला आलास की चादर?" म्हणून आम्ही त्याला चिडवतो, पण चार वर्षांत त्याने दुसरी सुरी हातात धरलेली नाही. त्याने दिलेले अकरा हजार मला माझ्या नऊ हजारांपेक्षा कमी वाटतात.

त्याला जमलं आणि मला नाही, याचं कारण साधं आहे. त्याआधी तीन वर्षं त्याने तयार सुरी वापरून झिजवली होती, त्यामुळे काय खुपतं ते त्याला ठाऊक होतं. मी व्हिडिओ बघून ऑर्डर दिली होती.

गंजाचा बाऊ सोलापुरात फार करू नका. हवा कोरडी आहे, साधं कार्बन पोलादही वर्षभर चांगलं राहतं. पण लिंबू किंवा चिंच कापून सुरी तशीच ठेवली तर सकाळी पात्यावर काळपट नकाशा उमटलेला असतो. पुसून, कोरडी करून खोबरेलाचा हात फिरवायचा. शेंगतेल नको, चिकट होतं. सह्याद्रीत पावसात न्यायची असेल तर मात्र स्टेनलेसच बरी, कार्बनला तिथे एक ओली रात्र पुरते. पावसात आणखी एक सुरी रुसते, ती म्हणजे फ्रान्सची ओपिनेल. १८९० पासूनची ही घडीची सुरी, तिचं पातं अडकवणारी फिरती कडी १९५५ सालची. कांदा-टोमॅटोला तिच्यासारखी दुसरी नाही, पण लाकडी मूठ भिजून फुगली की पातं बाहेर यायला नाही म्हणतं.

धारेचं बोलायचं तर तयार आणि घडवलेली दोघींना दगड सारखाच लागतो. फक्त सायकलवरच्या धारवाल्याला देऊ नका. माझी मोरा घरच्यांनी कौतुकाने त्याच्याकडे दिली. कोरड्या चाकावर ठिणग्या उडाल्या आणि टोकाला निळसर डाग पडला. पोलाद निळं झालं म्हणजे तिथलं पाणी उतरलं. त्या अर्ध्या इंचाला आता धार टिकत नाही. मी हळहळलो आणि दुसरी मागवली, अगदी तशीच आली. हेच चादरीच्या मुठीवर घडलं असतं तर मित्र दोन दिवस जेवला नसता. उजनीच्या पाण्यात पडली, बसमध्ये राहिली, कुणी 'बघतो' म्हणून नेली ती परत आलीच नाही, असं बाहेरच्या सुरीचं होतच असतं. हा हिशेब किमतीत धरायला हवा.

कारागिराकडे जायचं ठरलंच तर त्याला पोलादाचं नाव विचारा. उत्तर 'हाय कार्बन' एवढंच आलं तर पुढे जाऊ नका, ईएन ३१, ५१६० असं नेमकं नाव यायला हवं. पाणी स्वतः देतो की बाहेरच्या भट्टीत पाठवतो, हेही विचारा. बाहेर पाठवणं कमीपणाचं नाही, उलट बरं. आणि कपची उडाली तर काय, हे पैसे देण्याआधी बोलून घ्या. लांबीची हौस आवरा. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनलेली हत्यारं सोडून, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र नियमांत येतं. सणासुदीला पोलिसांचे मनाई आदेश असतात, तेव्हा कमरेला लावून गावातून फिरायचं तर मुळीच नाही. पिशवीत, डब्याशेजारी, म्यानात ठेवा.

भाच्याला सांगितलं, स्टेनलेस मोरा घे आणि येत्या दोन हुरड्यांना वापर. हात कुठे दुखतो, म्यान कुठे अडकतं, पातं कुठे अपुरं पडतं, ते मोबाइलमध्ये लिहून ठेव. मग कारागिराचा नंबर मी देतो, त्या मित्राच्या.

"आणि हरिश्चंद्रगडाला?" त्याने विचारलं. पुढच्या महिन्यात त्यांचा बेत आहे.

"ते कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. सुरी न्यायची नाही."

"मग उरलेले साडेसात हजार?"

"बूट घे, बे."