आईच्या आठवणीसाठी 87,000 रुपये मोजले, पुडीत निघाली हळद

मी अडाणी बाई नाही. 26 वर्षं बँकेत काढली, काउंटरवर बसून लोकांना ‘कोणाच्या सांगण्यावरून पैसे पाठवू नका’ म्हणून बजावत आले. तरी नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका गल्लीत पाऊण तासात 87,000 रुपये देऊन आले. हे लिहिताना लाज वाटते. पण तो माणूस आजही एखाद्या दवाखान्याबाहेर कोणाच्या तरी हातातली फाईल हेरत उभा असेल, म्हणून लिहिते आहे.

आईला अल्झायमर होऊन दोन वर्षं झाली. चाव्या तांदळाच्या डब्यात ठेवते, मला मधूनच ‘वैनी’ म्हणते. त्या दिवशी डॉक्टरांनी चार मिनिटांत गोळी तीच ठेवली, ‘हा बरा होत नाही, सांभाळायचा असतो’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. त्यांनी खोटं काहीच सांगितलं नाही. पण तेवढं ऐकून बाहेर आल्यावर कोणी दोन गोड शब्द बोललं की माणूस ऐकतोच. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनीच मला बोल लावावा, बाकीच्यांनी नाही.

टपरीवर चहा घेताना तिशीतला एक पोरगा जवळ आला. “ताई, काकूले विसराचा आजार हाय का? माह्या आईलेबी हेच होतं. मले ओळखत नव्हती. आता गहू निवडते.” औषध कुठलं, तर बर्डीतल्या एका वैद्याचं. आपण दोनदाच गेलो होतो म्हणाला. खर्च दोन-अडीच हजार. मी त्याच्यासोबत त्या वैद्याच्या दुकानात गेले.

माझा घात केला तो अर्ध्या सत्याने. दुकानदाराने ‘हिमपुष्पाचं सत्त्व’ दाखवलं, हिमालयातून येतं म्हणाला, आणि विलायतेत यातूनच गॅलंटामाइन काढतात असं सांगितलं. मी तिथेच मोबाइलवर पाहिलं, तर गॅलंटामाइन खरं निघालं! स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडाच्या कंदात ते सापडतं, अमेरिकेत 2001 पासून अल्झायमरसाठी मान्य आहे. मी तेवढ्यावर थांबले. आणखी चार ओळी वाचल्या असत्या तर कळलं असतं की हे झाड युरोप आणि पश्चिम आशियातलं आहे, त्या औषधाने लक्षणं काही काळ आटोक्यात राहतात पण आजार मागे फिरत नाही, आणि दिवसाची जास्तीत जास्त मात्रा 24 मिलिग्रॅम असते. याने रोज 2 ग्रॅम पूड सांगितली होती. ते खरोखर शुद्ध सत्त्व असतं तर 83 दिवसांचं औषध मी आईला एका दिवसात चारलं असतं.

आणि तो क्षण. रात्री झोप लागत नाही ती त्याच्यामुळे. ‘दोनदाच आलेला’ तो पोरगा काउंटरच्या मागे गेला, न बघता माठामागून पेला काढला, पाणी प्यायला आणि पेला पालथा घालून ठेवला. अनोळखी दुकानात पेला कुठे असतो हे कोणाला ठाऊक असतं? मी पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर झालं. तरी मी बसून राहिले.

“एकूण किती होतील?” मी दोनदा विचारलं. “आधी आईचं बघा ताई,” म्हणत दुकानदाराने सगळं खलबत्त्यात कुटून एकत्र केलं. मग हिशेब. ब्राह्मी-शंखपुष्पी चूर्ण 1,200. सत्त्व 420 रुपये ग्रॅम, तीन महिन्यांचं 180 ग्रॅम, म्हणजे 75,600. गिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या कॅप्सूल 3,400 ची एक, अशा तीन बाटल्या, 10,200. “कुटलेलं परत कसं घेऊ?” दोघं दारात उभे. 50,000 मी यूपीआयने दिले, दुकानाच्या नाही, कुणा भलत्याच माणसाच्या नावावर. 37,000 धाकट्या भावाने पाठवले. कुटण्याआधी एकूण रक्कम लिहून घ्या. लिहून देत नसेल तर उठा.

डॉक्टरांची गोळी बंद करायला दुकानदाराने सांगितलं होतं, तीही केली. अकराव्या रात्री आई फाटक उघडून निघून गेली, शेजारच्या काकांना चौकात सापडली. चालू गोळी कोणाच्याही म्हणण्यावरून बंद करू नका. दुसऱ्या दिवशी आईच्या गाऊनवरचे पुडीचे पिवळे डाग साबणाने घासले, तर लालभडक झाले. हळदीचा डाग साबण लागला की असाच होतो, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. आणि गिंको? 2008 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला होता, तीन हजारांवर वृद्धांना रोज दोनदा 120 मिलिग्रॅम देऊनही डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, टळला नव्हता.

ब्राह्मीवर माझा राग नाही. खरा वैद्य नोंदणी क्रमांक सांगतो, आयुर्वेदिक औषधाच्या डब्यावर परवाना आणि बॅच नंबर असतो. माझ्या पुडीवर काहीच नव्हतं.

पोलिसांत गेले. “पैसे तुम्हीच दिले ना मॅडम? मग फसवणूक कशी?” भावाने आवाज चढवला तेव्हा अर्ज घेतला, पोच तिसऱ्या खेपेला दिली. तिथून औषधांच्या कार्यालयात पाठवलं. तिथले बाबू म्हणाले, सीलबंद माल आणा, खुल्या पुडीचं आम्ही काय करावं? अहो, चोर सीलबंद माल विकेल का? 1954 चा जादुई उपचारांच्या जाहिरातींवरचा कायदा छापून नेला, त्याच्या यादीत मेंदूचे विकार स्पष्ट लिहिलेले आहेत. दुकानाच्या पाटीचा फोटोही दाखवला, त्यावर ‘स्मृतिभ्रंश शंभर टक्के बरा’ असं आहे. साहेब म्हणाले, पाटी म्हणजे जाहिरात आहे की नाही ते तपासावं लागेल. तपासेपर्यंत पाटी उतरली, शटर पडलं. ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवाली मुलगी म्हणाली, उशीर केलात. उशीर? मी दोन कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत होते! बँकेत एखाद्या ग्राहकाला मी असं वागवलं असतं तर दुसऱ्या दिवशी मेमो मिळाला असता.

उरलेली पूड मी काचेच्या बरणीत बंद करून तारीख घालून ठेवली आहे. कोणाच्या घरी अशीच पिवळी पूड, अशीच कच्ची चिठ्ठी असेल तर फेकू नका. यूपीआयची पावती जपून ठेवा. ग्राहक आयोगात तक्रार टाकते आहे, तुमचीही सोबत आणा.