पद्मिनीला दुसरं इंजिन बसवलं, नाना पेठेत

हौसेनं 1985 ची प्रीमियर पद्मिनी घेतली आणि महिन्याच्या आत खंबाटकी घाटात कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) तुटून ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडाच, फोडून बाहेर आला. विकणारा फोन उचलेना. गाडी टो करून पुण्याला नाना पेठेतल्या एका जुन्या गॅरेजात नेली.

मिस्त्रीकाका खाली वाकून बघून म्हणाले, "ताई, ब्लॉक गेला. वेल्डिंग मारून देणारे भेटतील, मी नाही देणार." डिझेल इंजिन टाका, असा फुकटचा सल्ला मला बरेच जण देत होते. काकांनी तो ऐकूनही घेतला नाही. मला माणूस तिथेच आवडला. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी 1089 सीसीचंच इंजिन शोधलं. (गाडी मुळात कुर्ल्याच्या कारखान्यातली, म्हणजे माहेरचंच!) ते तसंच न बसवता पूर्ण खोललं, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) माझ्यासमोर मायक्रोमीटरनं मोजला, रिंगा आणि बेअरिंग नवे घातले. क्लच प्लेट आणि माउंटिंगची रबरंही बदलली. इंजिनाचं पक्कं बिल मागून घ्या, कारण आरसीवर नवा नंबर चढवायला आरटीओत ते लागतं. काकांनी न मागता दिलं.

तक्रार वेळेची. "पुढच्या सोमवारी" हा त्यांचा ठरलेला वायदा. कार्ब्युरेटरही पुन्हा जुळवून घ्यावा लागला, सिग्नलला गाडी बंद पडायची. पैसे जास्त नाही घेतले. स्टिअरिंगजवळचा गिअर अजून दुसऱ्यात अडकतो, तोही त्यांच्याकडेच दाखवणार आहे.