नवी माध्यमिक शाळा, पहिले वर्ष : एका पालकाचा वापरानंतरचा अनुभव

परभणी जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या ठिकाणी गेल्या जूनमध्ये स्वयंअर्थसहाय्यित तत्त्वावर, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय, एक नवी माध्यमिक शाळा सुरू झाली. पहिल्या वर्षी आठवी आणि नववी असे दोनच वर्ग होते. माझी मुलगी नववीत आणि धाकट्या दिरांचा मुलगा आठवीत, असे घरातले दोघे तिथे वर्षभर शिकले. आता वार्षिक निकाल हाती आला आहे आणि मुलीला दहावीसाठी तिथेच ठेवायचे ठरले आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही. अशा शाळा आता मराठवाड्यात ठिकठिकाणी निघत आहेत आणि त्यांच्या माहितीपत्रकांत नाव सोडले तर फारसा फरक आढळत नाही.

आमच्यापुढे तीन पर्याय होते. गावातली जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंतच आहे. तालुक्याला जिल्हा परिषदेची प्रशाला आहे, इमारत भक्कम आहे, मैदान मोठे आहे, पण विज्ञानाचे पद रिकामे होते आणि ते कधी भरेल हे कोणी सांगू शकत नव्हते. जुनी अनुदानित शाळा नावाजलेली आहे, परंतु एकेका तुकडीत इतकी मुले बसतात की मागच्या बाकावरच्या मुलाचे नाव शिक्षकांना दिवाळीपर्यंत ठाऊक नसते. त्यामुळे तुकडीत चाळीसच मुले घेणार असे सांगणारी नवी शाळा निघाल्यावर पालक तिकडे वळले, यात नवल नव्हते.

माहितीपत्रकात मात्र चाळीस मुलांची गोष्ट शेवटच्या पानावर होती. पहिल्या पानावर होते ते लातूर पॅटर्न, आठवीपासून नीट आणि जेईईचे फाउंडेशन, प्रत्येक वर्गात डिजिटल फळा आणि सेमी इंग्रजी. आमच्याकडच्या पालकाला लातूरचे नाव घेऊन बोलावणे सोपे आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांचे निकाल पाहत इथली एक पिढी मोठी झाली आहे, आणि दहावीनंतर लातूरला खोली करून ठेवायची हा बेत सोयाबीनच्या पैशांवर संसार चालवणाऱ्या घरांतही आखला जातो. पण शेजारच्या बायकांशी बोलले की मुलींना तिथे घालण्याचे खरे कारण वेगळे ऐकू येते. स्वच्छतागृहाला आतून कडी आहे, नळाला पाणी आहे, फाटकावर माणूस आहे आणि कॅमेरे चालू आहेत. शाळांमध्ये सीसीटीव्ही बसवण्याची सक्ती शासनाने ऑगस्ट 2024 मध्ये केली. कॅमेरे आता पुष्कळ ठिकाणी दिसतात, चालू स्थितीत ते किती असतात हा भाग निराळा. या बाबतीत शाळेने वर्षभरात तक्रारीला जागा ठेवली नाही आणि मुलीची एकही गैरहजेरी त्या कारणाने झाली नाही, हे मी पहिल्या प्रतीचे यश समजते. आधीच्या शाळेत ती महिन्यातले काही दिवस घरी राहत असे.

आता शिकवण्याबद्दल, कारण बाकी सगळे त्याच्या भोवतीचे आहे.

गणिताच्या बाई मुळातच वेगळ्या निघाल्या. सेमीच्या वर्गात भूमितीचे प्रमेय इंग्रजीतून लिहावे लागते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुले ते सरळ पाठ करून टाकतात. बाईंनी नियमच घालून दिला होता की प्रमेय वहीत लिहिण्याआधी फळ्याजवळ येऊन आपल्या बोलीत समजावून सांगायचे. त्रिकोणाचा बाह्यकोन हा त्याच्या दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका का असतो, हे माझ्या मुलीने घरी कणीक मळताना मला सांगितले, आणि तेही ताटात पिठाच्या रेघा ओढून. तिची वही मी नियमितपणे पाहत असे. नुसती बरोबरची खूण आणि सही असा प्रकार त्यात नव्हता. कोणत्या पायरीवर कारण द्यायचे राहिले तिथे लाल शाईने गोल करून ‘हे कशावरून?’ असे लिहिलेले असे, आणि पुढच्या आठवड्यात त्या गोलाखाली उत्तर आले की नाही हेही तपासलेले असे. पहिल्या घटक चाचणीत तिला गणितात काठावरचे गुण होते; द्वितीय सत्रात ती वर्गातल्या पहिल्या दहांत आली. फाउंडेशनचा यात काडीचा वाटा नाही.

विज्ञानाची कथा याच्या उलट आहे. जूनमध्ये आलेले सर चांगले शिकवत होते, पण पवित्र पोर्टल या सरकारी संकेतस्थळावरून होणाऱ्या शिक्षकभरतीत त्यांची निवड झाली आणि सहामाहीनंतर ते निघून गेले. त्यांना दोष देता येणार नाही. स्वयंअर्थसहाय्यित शाळेत मिळणारा पगार आणि सरकारी किंवा अनुदानित जागा यांत कोणीही काय निवडेल हे उघड आहे. दोष आहे तो संस्थेचा, कारण त्यांच्या जागी दुसरे शिक्षक येईपर्यंत विज्ञानाच्या तासिकेला मुलांना डिजिटल फळ्यावर चित्रफिती दाखवण्यात आल्या. धाराविद्युत हा अख्खा धडा असा पाहण्यात गेला. चित्रफितीत विद्युतधारा निळ्या ठिपक्यांनी धावताना छान दिसते, पण ॲमीटर एकसर आणि व्होल्टमीटर समांतर का जोडायचा हे हातात तारा घेतल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. त्यातच दुपारची वीज गेली की इन्व्हर्टर कार्यालयातील संगणक आणि कॅमेरे यांपुरताच पुरत असे, म्हणजे फळाही बंद. प्रयोगशाळा या नावाची खोली उद्घाटनाच्या दिवसापासून होती, तिच्यात मानवी सांगाडा होता, काचेची कपाटे होती आणि कपाटांना कुलूप होते. पालकसभेत हा विषय दोनदा निघाल्यावर जानेवारीत साहित्य आले आणि नव्या मॅडमनी ओहमच्या नियमाचा प्रयोग चार-चार मुलांच्या गटाने करून घेतला. दहावीला विज्ञानाच्या प्रत्येकी 40 गुणांच्या दोन लेखी प्रश्नपत्रिका आणि 20 गुणांचे प्रात्यक्षिक असते. ते 20 गुण शाळेच्याच हातात असल्यामुळे बहुतेक ठिकाणी वाटून टाकले जातात, आणि म्हणूनच प्रयोगशाळेची निकड कोणाला वाटत नाही.

एका अनपेक्षित गोष्टीचा उल्लेख करायला हवा. नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणीचा, म्हणजे गुणांऐवजी श्रेणी देण्याचा, विषय आहे. श्रेणीचा विषय म्हणजे वर्षाअखेरीस एका बैठकीत वही पूर्ण करायचा विषय, अशी सर्वत्र रीत. इथे भूगोलाच्या सरांनी प्रत्येक मुलाला आपापल्या गावातली एक विहीर ठरवून दिली आणि दोरीला गाठी मारून तिच्यातल्या पाण्याची पातळी पावसाळ्याच्या तोंडी, दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये मोजायला लावली. डाव्या कालव्याला जायकवाडीचे पाणी सुटले की लाभक्षेत्रातल्या विहिरी चढतात आणि वरच्या माळावरच्या गावांत तशाच कोरड्या राहतात, हे मुलांच्या आकड्यांतून त्यांचे त्यांनाच दिसले. आमच्या आळीतली विहीर मोजायला मुलगी वाकली तेव्हा सासूबाईंनी आरडाओरडा केला, तो वेगळा. परंतु दुष्काळाच्या गोष्टी ऐकतच वाढणाऱ्या आमच्या भागात हा विषय असा शिकवलेला मी प्रथमच पाहिला, आणि माहितीपत्रकात त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

फाउंडेशनबद्दल लिहिण्यासारखे फार थोडे आहे. आठवड्यातून दोन तास बाहेरगावचे एक सर येत, छापील पुस्तिकेतील बहुपर्यायी प्रश्न सोडवून घेत आणि उत्तराची खूण सांगून पुढे जात. यासाठी वेगळे शुल्क होते. पुढच्या वर्षी आम्ही ते घेणार नाही आणि शाळेने सक्ती केलेली नाही.

आर्थिक बाजूकडे येते. या शाळेला अनुदान नाही, त्यामुळे आठवीच्या मुलांना शालेय पोषण आहार नाही, आणि हे प्रवेशाच्या वेळी स्पष्ट सांगितले गेले. एक गोष्ट मात्र सांगितली गेली नाही आणि ती आमच्या दिरांच्या घराला महागात पडली. केंद्र सरकारची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे ज्याला सगळे एनएमएमएस म्हणतात, तिची परीक्षा आठवीत असते. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात आणि पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे. ही योजना शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे, विनाअनुदानित शाळांतील मुलांना तिला बसताच येत नाही. पुतण्या सातवीपर्यंत हुशार म्हणून गणला गेलेला, त्याच्या जुन्या शाळेतले गुरुजी त्याची तयारी करून घेणार होते, आणि नव्या शाळेत आल्यामुळे तो दरवाजाच बंद झाला. निवड झालीच असती असे नाही, परंतु चार वर्षांचे 48,000 रुपये ही कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात लहान रक्कम नव्हे. हीच गोष्ट मुख्याध्यापकांना विचारली तेव्हा, पालकांनी चौकशी करायला हवी होती, असे उत्तर मिळाले. प्रवेशअर्ज, छायाचित्रे, आधार आणि दाखल्यांच्या प्रती यांची एवढी लांब यादी देणाऱ्या शाळेने ही एक ओळ त्या यादीखाली छापायला हरकत नव्हती.

शुल्काचा प्रश्न मार्चमध्ये पेटला. पुढच्या वर्षाच्या वाढीव शुल्काची चिठ्ठी मुलांच्या दप्तरातून घरी आली. महाराष्ट्रात शुल्क विनियमनाचा 2011 चा कायदा आहे. त्याप्रमाणे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा, कार्यकारी समितीवरचे पालक चिठ्ठ्या टाकून निवडायला हवेत, आणि ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे बदलता येत नाही. आमच्याकडे समितीच्या नावाखाली संस्थाचालकांच्या ओळखीच्या चार पालकांची नावे फलकावर लागली होती. काही पालकांनी मिळून शांतपणे लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली आणि एक प्रत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात दिली. पुढच्या आठवड्यात चिठ्ठ्या टाकून समिती झाली आणि शिक्षण शुल्कातली वाढ मागे घेण्यात आली. त्याऐवजी ‘उपक्रम शुल्क’ नावाचा नवा रकाना पावतीवर आला आहे आणि त्याबद्दलची बोलणी अजून चालू आहेत. गणवेश एकाच दुकानातून घ्यावा लागतो ही तक्रारही तशीच उभी आहे.

येण्याजाण्याचा त्रास पहिल्या सहामाहीत फार झाला. शाळा गावाबाहेर महामार्गावर आहे आणि तिथे एसटीचा थांबा नव्हता. मुलीला अहिल्यादेवी होळकर योजनेतून मोफत पास आहे, तरी बसस्थानकावर उतरून तिथून रिक्षाचे पैसे मोजावे लागत. शाळेची व्हॅन सर्व वाड्यावस्त्यांवर जाते असे सांगितले होते. ती प्रत्यक्षात डांबरी रस्ता संपेल तिथपर्यंतच जाते. शेवटी मुख्याध्यापकांनी आगार व्यवस्थापकांना पत्र देऊन विनंती थांबा मिळवला आणि परिपाठाची वेळ बसच्या वेळेप्रमाणे पंधरा मिनिटे पुढे नेली. याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे, कारण वेळापत्रक मुलांसाठी हलवणारी शाळा आमच्या माहितीत दुसरी नाही.

उद्घाटनाच्या कार्यक्रमात स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रतिमेला हार घातला होता. स्वामीजींनी हिप्परग्याला आणि पुढे अंबाजोगाईला शाळेत शिकवण्याचे काम केले. निजामी राजवटीत या भागात शाळा चालवणे हे राष्ट्रकार्य होते. त्या प्रतिमेच्या शेजारीच नीटच्या गुणवंतांची, आणि तीही दुसऱ्याच गावच्या शिकवणीतल्या मुलांची, छायाचित्रे लावलेली पाहून मला संकोच वाटला. संस्थाचालकांना तो वाटला नसावा.

तरीही मुलीला तिथेच ठेवत आहोत. त्याचे कारण गणिताच्या बाई, भूगोलाचे सर आणि मराठीच्या बाई पुढच्या वर्षी राहणार आहेत, एवढेच. हे मी तिघांनाही प्रत्यक्ष विचारून घेतले आणि गणिताच्या बाईंनी हसत, ‘दहावीची पहिली तुकडी सोडून कुठे जाऊ?’ असे म्हटले. दुसरी चौकशी केली ती मंडळाच्या मान्यतेची. आमचा जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाखाली येतो. मंडळाकडून शाळेला मिळणारा इंडेक्स क्रमांक आला नाही तर दहावीचे अर्ज दुसऱ्या शाळेच्या नावावर भरण्याची पाळी येते, आणि मग गुणपत्रिकेपासून प्रात्यक्षिकाच्या केंद्रापर्यंत मुले उपरी ठरतात. क्रमांक मिळाल्याचे पत्र मुख्याध्यापकांनी टेबलावर ठेवून वाचायला दिले, तोंडी आश्वासन दिले नाही, तेव्हाच आम्ही दाखला न काढण्याचे ठरवले.

ज्यांना येत्या जूनमध्ये अशा एखाद्या शाळेत मूल घालायचे आहे त्यांनी इमारत पाहून झाली की शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसावे. कोणत्या विषयाला कोण आहे, ते मागच्या जूनपासून आहेत की मागच्या महिन्यापासून, आणि कोणाची निवड यादीत नाव येण्याची वाट पाहणे चालू आहे, हे अर्ध्या तासात कळते. कोणत्याही मुलाची एक जुनी वही मागून पाहावी. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते विचारावे. मूल सातवी पास होऊन आठवीत जाणार असेल आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असेल, तर एनएमएमएसची परीक्षा होईपर्यंत त्याला जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतच राहू द्यावे. आणि निवड झाली तर पुढेही, कारण विनाअनुदानित शाळेत गेल्यास मिळालेली शिष्यवृत्तीही बंद होते. आमच्या दिरांनी पुतण्याला नववीसाठी प्रशालेत घालायचे ठरवले आहे. तिथे विज्ञानाचे पद एप्रिलमध्ये भरले गेले.