जुन्या जपानी गेम कॅसेटचा लॉट घेताय? आधी हे वाचा

रेट्रो गेमच्या कॅसेट जमवणाऱ्यांसाठी, आणि त्यातही फॅमिकॉम या जुन्या जपानी टीव्ही-गेम यंत्राच्या स्वस्त, अनोळखी गेमच्या मागे असलेल्यांसाठी हे लिहितोय. बारा हजार रुपयांना वीस कॅसेटचा एक लॉट मला विकला गेला. त्यातल्या अकरा बनावट निघाल्या. नावाजलेल्या, महागड्या गेमच्या नकला बाजारात असतात हे जमवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इथे मात्र नकला होत्या पाच-सातशे रुपयांच्या, फारसं कुणी नावही न ऐकलेल्या गेमच्या. आपण सगळे जिथे बिनधास्त असतो, नेमक्या त्याच जागी हा हात मारला गेलाय.

हे गेम जमवावेसे का वाटतात, ते आधी सांगतो, कारण विक्रेत्याला ते पक्कं माहीत होतं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे जो ‘टीव्ही गेम’ आला, तो बहुतेक घरांत फॅमिकॉमची नक्कल होता. फॅमिकॉम म्हणजे निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये काढलेलं यंत्र. आपल्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ छापलेलं असायचं. आत गेम मोजकेच, फक्त वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे आणि यादीत पुन्हा पुन्हा येणारे. मारिओ आणि कॉन्ट्रा सगळ्यांना आठवतात. पण त्याच यादीत दोन पेंग्विनचा एक गेम असायचा: एकाला डावीकडे नेलं की दुसरा उजवीकडे जायचा, आणि दोघांना एकाच वेळी वर पिंजऱ्यातल्या बदामाच्या चिन्हापाशी पोचवायचं. कोळ्याच्या जाळ्यात एखादा अडकला की दुसऱ्याने जाऊन सोडवायचा. तो हडसन सॉफ्टचा ‘बायनरी लँड’, १९८५ चा. गाडीने रस्ते रंगवत जायचं आणि मध्येच मांजर आडवं यायचं, तो जालेकोचा ‘सिटी कनेक्शन’, तोही १९८५ चाच. यादीत नावं मोडकीतोडकी, कंपनीचा पत्ता नाही. ज्या गेमवर दिवाळीच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या, त्याचं खरं नाव पुढे कधीतरी कळतं, आणि मग त्याची मूळ कॅसेट, मूळ चित्रासकट, हातात घ्यावीशी वाटते. ही ओढ खरी आहे, आणि तिचं मला आजही मोल वाटतं.

शिवाय ती परवडते. जपानमध्ये बेसबॉल, माजाँग (सोंगट्यांचा एक चिनी खेळ), घोड्यांच्या शर्यती असल्या गेमच्या सुट्या कॅसेट ढिगाने पडून असतात, काही शे येनला मिळतात. ८४-८५ सालचे बरेच छोटे गेमही बिनडब्याचे घेतले तर स्वस्तच. एनईएस म्हणजे फॅमिकॉमचाच अमेरिकन अवतार; त्याच्या कॅसेटला बहात्तर पिना, फॅमिकॉमच्या कॅसेटला साठ, आणि आपल्याकडचे जुने सेटही साठ पिनांचेच. म्हणजे मूळ जपानी कॅसेट आपल्या माळ्यावरच्या सेटमध्ये थेट बसते. अडचण एवढीच की टपालखर्च गेमपेक्षा जास्त होतो. म्हणून बहुतेक जण इथल्याच कुणाकडून लॉट घेतात.

मीही तसाच घेतला. विक्रेत्याशी ओळख एका ग्रुपवर झाली. पहिला सौदा दोन कॅसेटचा, एक माजाँग आणि एक गोल्फ. दोन्ही अस्सल, पॅकिंग नीट, वेळेत पोच. काही दिवसांनी त्याचा मेसेज आला: ‘दादा, जपानहून आलेला माल आहे, तुमच्या आवडीचे जुने गेम आहेत, सुटे करणार नाही.’ फोटो सुरेख होते. काही कॅसेटच्या पाठीवर जपानी पोरांनी मार्करने लिहिलेली नावं होती, तिथल्या वापरलेल्या कॅसेटवर ती सर्रास दिसतात. आयरेम कंपनीच्या ‘झिप्पी रेस’ या गेमच्या कॅसेटवर लाल एलईडी दिसत होता. आयरेमने सुरुवातीच्या काही कॅसेटना हा दिवा लावला होता. यंत्राचा खटका दाबला की कॅसेटवरचा दिवा लागतो. जमवणाऱ्याला भुरळ घालायला एवढं पुरेसं असतं.

मी कॅसेटच्या आतल्या बोर्डाचा, म्हणजे चिपा बसवलेल्या पट्टीचा, फोटो मागितला. तो म्हणाला, ‘दादा, फॅमिकॉमला स्क्रू नसतो, खाचा असतात. उघडली की कडा तुटते, किंमत जाते.’ हे खरं आहे, आणि म्हणूनच ते सोयीचं उत्तर होतं. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे असंही त्याने सांगितलं. पैसे यूपीआयने भलत्याच नावाच्या खात्यावर गेले. विचारलं तर ‘भावाचं खातं आहे’.

पार्सल आलं त्यात ‘झिप्पी रेस’ला दिवाच नव्हता. नंतरच्या खेपांत आयरेमने दिवा काढला होता, त्यामुळे एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पण फोटोतली कॅसेट ही नव्हे, एवढं नक्की. मग ‘बायनरी लँड’ लावली. पेंग्विन आले, संगीत वाजलं, सगळं बरोबर. फक्त पहिल्या पडद्यावर हडसन सॉफ्टचं नाव नव्हतं, साल नव्हतं. ती ओळ असायला हवी तिथे नुसता काळा पट्टा. लहानपणच्या कॅसेटमध्ये हेच असायचं: नक्कल काढणारे कंपनीचं नाव आणि साल पुसून टाकायचे. पुसलेल्या नावाची प्रत अस्सल लेबलाच्या कॅसेटमधून निघूच शकत नाही.

मग कॅसेट उजेडात तिरपी धरली. लेबलाच्या कडेने आत आणखी एक कड उमटलेली दिसत होती. कोपरा नखाने उचलला तर खाली दुसरं लेबल, त्यावर बॅट उगारलेला खेळाडू. प्लास्टिकची पातळ पट्टी घालून खाचा सोडवल्या. आत पातळ तपकिरी बोर्ड, त्यावर चिपा झाकणारे डांबरासारखे दोन काळे ठिपके, कुठे छापील अक्षर नाही, आणि बोर्ड हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना गरम गोंदाचे गोळे. कवच मात्र शंभर टक्के जपानी. पाठीवरचं पोराचं नावही खरंच, फक्त त्या पोराची कॅसेट बेसबॉलची होती.

म्हणजे युक्ती अशी: जपानमधून सर्वांत स्वस्त बेसबॉलच्या कॅसेट किलोच्या भावात आणायच्या. आपल्याच जुन्या बाजारात पडलेल्या, कुणी हात न लावणाऱ्या नकली कॅसेटमधले बोर्ड त्यात बसवायचे. वर मूळ लेबलाची चांगल्या कागदावरची रंगीत छपाई. फॅमिकॉममध्ये अमेरिकन यंत्रासारखी, परवाना नसलेली कॅसेट अडवणारी कुलूप-चिप नाही, आणि ८४-८५ चे बरेच गेम चोवीस किंवा चाळीस किलोबाइटचे, गेम साठवणाऱ्या नुसत्या दोन रॉम चिपांचे. त्यामुळे त्यांच्या नकला तेव्हाच अमाप निघाल्या आणि अजून चालतात. लॉटमधल्या उरलेल्या नऊ कॅसेट अस्सल होत्या, माजाँग आणि बेसबॉल. त्यातली कुठलीही उघडून पाहिली असती तर माझा विश्वास पक्काच झाला असता.

आणि गेम अनोळखी असल्याने तुलना करायला कुणाकडे काही नसतं. मारिओची मूळ कॅसेट शेकडो जणांनी हाताळलेली असते, खोटी दिसली की कुणीतरी बोलतं. ‘फील्ड कॉम्बॅट’चं मूळ लेबल किती जणांनी जवळून पाहिलंय? शिवाय सहाशे रुपयांसाठी पोलिसात कोण जातंय, हाही हिशेब असतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, मलाही असाच माल आला. मग म्हणाला, ‘दादा, गेम चालतोय ना? मग अडचण काय?’ या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग आला. नुसता खेळायचाच असता तर तो गेम मला कधीच खेळता आला असता. मी पैसे दिले ते १९८५ साली जपानमध्ये बनलेल्या वस्तूचे. नक्कल म्हणून सांगून विकली असती तर शंभर रुपये आनंदाने दिले असते. पुढच्या मेसेजनंतर त्याने मला ब्लॉक केलं. ग्रुपवर विचारलं तेव्हा आणखी तिघे निघाले, तसाच लॉट, तेच फोटो. सगळे गप्प बसले होते, कारण रक्कम लहान. आम्ही आता एकत्र तक्रार केली आहे. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक आहे; पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम अडकवता येण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, संपूर्ण चॅट आणि पार्सलच्या पावतीचा फोटो जपून ठेवा. ब्लॉक झाल्यावर काहींच्या हाती यातलं काहीच उरलं नव्हतं.

कॅसेट न उघडताही बरंच कळतं. प्रत्येक गेम सुरू होतानाचा व्हिडिओ मागा, एकसलग, कॅसेट हातात दिसते तिथपासून पहिल्या पडद्यापर्यंत, आणि त्या पडद्यावर कंपनीचं नाव आणि साल आहे का ते बघा. ही एक गोष्ट जरी केली असती तर आम्हा चौघांचे पैसे वाचले असते. पिनांच्या बाजूने सरळ आत डोकावणारा फोटो मागा. बोर्डाची जाडी, रंग आणि गोंद तिथून दिसतो. कवचाचा साचाही बघा. नामको, कोनामी, सनसॉफ्ट, आयरेम या कंपन्यांची कवचं त्यांची स्वतःची, वेगळ्या घडणीची असत. सनसॉफ्टचं लेबल निन्टेन्डोच्या साध्या कवचावर दिसलं की तिथेच थांबा. काळा ठिपका दिसला म्हणून मात्र लगेच कुणाला खोटं ठरवू नका, काही अस्सल कॅसेटमध्येही तो सापडतो. आणि पहिला सौदा चोख झाला म्हणून दुसऱ्यात काही विचारायचं सोडू नका.

माझ्याकडच्या अकरा कॅसेटच्या आतल्या बोर्डावर मी पक्क्या मार्करने ‘नक्कल’ लिहून ठेवलंय, पुढे त्या कुणाच्याही हाती गेल्या तरी अस्सल म्हणून विकल्या जाऊ नयेत म्हणून. तेच फोटो अजून फिरतायत. ओळखायची खूण सांगतो: हिरव्या चटईवर पाच-पाचच्या चार ओळी, वरच्या ओळीत डावीकडून दुसरी लाल दिव्याची ‘झिप्पी रेस’, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात येनच्या किमतीचं अर्धवट कापलेलं स्टिकर. हा फोटो कुणी पाठवला तर पैसे देऊ नका. आधीच दिले असतील तर चॅटचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा आणि तक्रारीत आमच्यासोबत या.