रिलोकेशन पॅकेज: सामान पोचलं, पुढचं सांगते

परदेशी बदली झाली की कंपनी सोबत एक रिलोकेशन एजन्सी, म्हणजे सामान, घर, कागदपत्रं बघणारी संस्था, जोडून देते. आमच्या एजन्सीचं नाव घेत नाही. बदलीचं पत्र हातात पडलेल्यांनी वाचावं म्हणून लिहितेय.

कागदपत्रांची कामं चोख. बँकेला पत्त्याचा पुरावा हवा आणि घरमालकाला बँक खातं हवं, हा तिढा आमच्या एजंटबाईंनी कंपनीच्या पत्रावर सोडवला. भाडेकराराचं एकेक कलम वाचून दाखवलं, डिपॉझिट कशाकशावरून कापलं जाईल तिथे पेन्सिलने खुणा केल्या, ताबा घेताना भिंतीवरच्या ओरखड्यांचे फोटो काढायला लावले. इथे नाव ठेवायला जागा नाही.

‘कल्चर ट्रेनिंग’ मात्र उरकलं. अर्धा दिवस स्लाइड्स, आणि त्यात तो यू आकाराचा आलेख: आधी अप्रूप, मग घसरण, मग हळूहळू रुळणं. प्रशिक्षकांनी तो रेल्वेच्या वेळापत्रकासारखा वाचून दाखवला. मागाहून शोधलं तर मूळ निघालं स्वेरे लिसगार्ड यांच्या १९५५ च्या अभ्यासात. तो होता अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांचा, कंपनीने बदली केलेल्यांचा नव्हे. १९९१ मध्ये ब्लॅक आणि मेंडेनहॉल यांनी तोवरचे अभ्यास तपासले, तेव्हाही पुरावा संमिश्रच निघाला. माझ्या बाबतीत तर अप्रूप आलंच नाही, झोप पहिल्याच आठवड्यात उडाली.

खरी चिडचीड पुढे आहे. नवरा स्वतःची नोकरी सोडून डिपेंडंट व्हिसावर आला. ट्रेनिंगच्या आमंत्रणात त्याचं नावच नव्हतं, माझ्या शेजारी खुर्ची ओढून त्याने ऐकलं. मला निदान ऑफिस होतं, भांडायला का होईना पण माणसं होती. त्याच्याशी दिवसभरात बोलणार कोण, तर पार्सलवाला. जोडीदार रुळला नाही की बदली अर्ध्यावर सोडायची वेळ येते, हे संशोधक कधीपासून सांगताहेत. एजन्सीच्या फॉर्मवर मात्र त्याच्यासाठी एकच रकाना: ‘सोबत येणारी व्यक्ती’.

समुपदेशनाची हेल्पलाइन चोवीस तास, असं माहितीपत्रकात छापलंय. चोवीस तास असतो तो फोन उचलणारा. समुपदेशकाची वेळ मुख्य कार्यालयाच्या घड्याळाप्रमाणे, म्हणजे आमची पहाट. पण ज्या बाई भेटल्या त्या कामाच्या निघाल्या. घरची आठवण येते का वगैरे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते हे: “कुठले निर्णय तुम्ही घ्यायचे आणि कुठले विचारून, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का?” कुणीच सांगितलं नव्हतं. जुन्या साहेबांची अपेक्षा एक, नव्यांची दुसरी, आणि मी दोन्हीकडे मान डोलवत होते. त्यांनी यादी करायला लावली, ती मी दोन्ही साहेबांना एकाच मीटिंगमध्ये दाखवली आणि फैसला करून घेतला. सकाळची छातीतली धडधड तिथून कमी झाली. पॅकेजमधली सत्रं संपली तशी सेवाही बंद पडली, तेही जम बसत असताना.

पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन एजंटबाईंचे. पॅकेज घ्याच, फक्त सहीआधी जोडीदाराचं नाव प्रत्येक सेवेत घालून घ्या, समुपदेशनाची वेळ तुमच्या घड्याळाप्रमाणे मागा, आणि समुपदेशन घेणाऱ्याचं नाव एचआरला कळवलं जात नाही हे लेखी घ्या. परतीच्या सामानाची तरतूद आहे, परतल्यावरच्या माणसांची नाही. परतल्यावरही तशीच घसरण येते, असं गलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ मध्ये मांडलं होतं. समुपदेशनाची सत्रं वाढवून मिळावीत म्हणून मी एजन्सीला ईमेल केलाय. “बघतो” असं उत्तर आलंय.