सिग ७१६आय ट्रेड : ‘तुमच्या आर्मीची रायफल’ आठ-नऊ महिने वापरल्यावर

टेक्ससमध्ये गन शॉपच्या काउंटरवर भारतीय चेहरा दिसला की विक्रेता सिग सॉअर कंपनीची ७१६आय ट्रेड रायफल दाखवून हमखास सांगतो, ‘तुमच्या आर्मीकडे हीच आहे.’ आठ-नऊ महिने वापरून माझं मत असं झालंय की रायफल चांगली आहे, पण हे वाक्य फार तर अर्धं खरं आहे.

आधी खरा अर्धा भाग. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने सिग सॉअरकडून ७२,४०० रायफली घेतल्या. त्यातल्या ६६,४०० लष्कराला, बाकीच्या हवाई दल आणि नौदलाला. लष्कराच्या जुन्या इन्सास रायफलीच्या ५.५६ मिलिमीटर काडतुसापेक्षा दमदार, ७.६२ बाय ५१ मिलिमीटरचं काडतूस सीमेवर हवं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी ७३,००० रायफलींची ८३७ कोटी रुपयांची ऑर्डर गेली. माझ्या रायफलीचीही कंपनी तीच, काडतूस तेच, नळी दोन्हींची १६ इंचांची. एरवी लष्करी रायफलीच्या नागरी आवृत्तीत पहिली बदलते ती नळी. अमेरिकन सैन्याच्या एम-४ ची १४.५ इंचांची असते, आणि अमेरिकेत १६ इंचांहून आखूड नळीला १९३४ च्या कायद्याची वेगळी नोंदणी लागते. इथे तो प्रश्न नाही, म्हणून ‘हीच ती’ म्हणणं सोपं जातं.

फरक आहे तो पोटात. जवानांकडची, प्रसिद्ध माहितीप्रमाणे, ७१६ जी-टू आहे, पिस्टनवर चालणारी. नळीतला गॅस पुढेच पिस्टनला धक्का देतो आणि बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता खटका, मागे जातो. माझ्या ७१६आय मध्ये पिस्टनच नाही. गॅस एका बारीक नळीतून थेट बोल्ट कॅरियरपर्यंत, म्हणजे बोल्ट धरणाऱ्या भागापर्यंत येतो. ही रायफलींचे रचनाकार यूजीन स्टोनर यांच्या जुन्या एआर-१० रायफलीची पद्धत. नावातला ‘आय’ त्याचाच, म्हणजे ‘इम्पिंजमेंट’चा, असं मानतात. ते बारीक अक्षर छापील माहितीत असतं, विक्रेत्याच्या बोलण्यात नसतं.

अपशिंग्याचे माझे काका बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांची हयात वन-ए-वन एसएलआर या इन्सासच्या आधीच्या रायफलीवर गेली. व्हिडिओ कॉलवर मी रायफल दाखवली तर दुर्बीण, ती बसवायची पट्टी (रेल) वगैरेकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थेट विचारलं, ‘आरं, गॅस रेग्युलेटर कुठं हाय ह्याला?’ एसएलआरला पिस्टन आणि त्याच्याकडे जाणारा गॅस कमी-जास्त करणारा रेग्युलेटर दोन्ही असतात, आणि काडतूस हेच ७.६२. म्हातारा बरोबर जागी बोट ठेवतो!

आता वापरात हा फरक किती जाणवतो? शनिवार-रविवारच्या रेंजवर जवळजवळ नाही. उलट पुढे पिस्टन नसल्याने तोंडाकडचं वजन कमी वाटतं आणि धक्काही सरळ मागे येतो. भाव मोजावा लागतो साफसफाईत. काजळी सगळी बोल्टवर आणि तो बसतो त्या खोक्यात, म्हणजे रिसीव्हरमध्ये. घरी आल्यावर पुलथ्रू (नळीतून ओढायची साफसफाईची दोरी), चिंधी, तेल घेऊन बसावंच लागतं. धुळीत, थंडीत, आठवडेच्या आठवडे चौकीवर असलेल्या माणसाला पिस्टन का हवा, हे बोल्ट पुसताना नीट कळतं.

अचूकतेवर मी खूश आहे. १६८ ग्रेन वजनाच्या गोळीच्या, स्पर्धेसाठीच्या ‘मॅच’ काडतुसांनी शंभर यार्डांवर गोळ्यांचा गट दीड इंचाच्या आसपास पडतो, साध्या १४७ ग्रेनच्या बॉल अॅम्युनिशनने तो दुपटीला जातो. लष्करी करारातून हे मिळालंय असं मात्र समजू नका. नळी नीट बनलीय आणि हँडगार्ड, म्हणजे पुढच्या हाताने धरायचं आवरण, तिला टेकत नाही, त्याचं हे श्रेय. सैन्याची खरेदी ‘एल-वन’ पद्धतीची असते: अटी पूर्ण करणाऱ्यांत जो स्वस्त तो. त्या अटींत टिकाऊपणा असतो, सुटे भाग एकमेकांना बसणं असतं. कागदावर एकाच भोकातून पाच गोळ्या काढणं नसतं. ‘मिल-स्पेक’ची, म्हणजे लष्करी दर्जाची, पाटी वाचताना हे ध्यानात ठेवलं की निम्म्या जाहिराती आपोआप गळून पडतात.

किमतीचा हिशेबही गमतीचा. २०२४ च्या ऑर्डरमध्ये भागाकार केला तर एका रायफलीमागे लाख-सव्वालाख रुपये येतात. मी दीड हजार डॉलरच्या आत-बाहेर दिले, म्हणजे साधारण तेवढेच. पण त्याच पैशात मला पिस्टन मिळाला नाही.

वजन रिकामी असताना साडेआठ पौंड, म्हणजे पावणेचार किलोच्या वर. दुर्बीण आणि भरलेलं वीसचं मॅगझिन लावलं की दंड बोलायला लागतात. काडतूस डॉलरच्या आसपास पडतं, त्यामुळे रेंजवरची एक दुपार बायकोपासून लपवावी लागेल इतकी महाग होते. नुसतं निशाणेबाजीसाठी हवं असेल तर ५.५६ ची साधी एआर पद्धतीची रायफल घ्या, खांदा आणि खिसा दोन्ही वाचतील. रानडुकरांच्या शिकारीला मात्र ही उत्तम.

आणि एच-वन-बी वाल्यांनी दुकानात जाण्याआधी वकिलाशी बोला. ग्रीन कार्ड नसलेल्या व्हिसाधारकांना फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना हा अपवाद आहे, पण तो आपल्याला लागू होतो का हे काउंटरवरच्या माणसाला विचारून ठरवू नका.